उरलेला माल्ट साठवणं आणि संपवणं: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

घरी बिअर करायला माल्टची (मोड आणून भट्टीत वाळवलेल्या बार्लीची) 25 किलोची गोणी फोडली की 20 लिटरच्या एका बॅचला साधारण साडेचार किलो बेस माल्ट, म्हणजे बिअरचा मुख्य माल्ट, लागतो. उरलेला वीसेक किलो पुढचे कित्येक महिने सांभाळायचा असतो. त्यात रंग आणि चवीसाठी घालायचे 200 ग्रॅम क्रिस्टल, 80 ग्रॅम चॉकलेट माल्ट, कुठल्याशा रेसिपीतून उरलेला अर्धा किलो म्युनिक असं उरलंसुरलंही साचत जातं. नऊ महिने तीन प्रकारे साठवून पाहिलं: रबरी रिंगच्या स्क्रू झाकणाच्या बादल्या, व्हॅक्यूम पिशव्या आणि झिपच्या पिशव्या. निकाल आधीच सांगायचा तर बादली पास, व्हॅक्यूम अर्धी पास, झिपची पिशवी नापास.

मुळात माल्ट खराब होतो तो वयापेक्षा ओलाव्याने. भट्टीतून निघालेल्या बेस माल्टमध्ये 4 ते 5 टक्के ओलावा असतो. तो 7 टक्क्यांच्या आसपास गेला की माल्ट सादळला म्हणायचा. असा दाणा मिलच्या (भरडायच्या यंत्राच्या) रोलरमध्ये फुटत नाही, नुसता चपटा होतो. आतलं पीठ मोकळं होत नाही आणि वर्टची (माल्टपासून काढलेल्या गोड रसाची) ग्रॅव्हिटी, म्हणजे साखरेमुळे येणारी घनता, कमी येते. मग दोष मिलला किंवा मॅशच्या (भरडलेला माल्ट गरम पाण्यात भिजवण्याच्या) तापमानाला दिला जातो. परीक्षा सोपी आहे: दाणा दाताखाली धरा. कट्टकन तुटला तर ठीक, चिवट लागला तर सादळलाय. गोणीवरची तारीख यात काहीही सांगत नाही.

याहून नेमकी युक्ती वजनाची. पिशवी बंद करताना एकूण वजन ग्रॅममध्ये तिच्यावरच लिहून ठेवायचं. साडेचार टक्के ओलाव्याचा 1000 ग्रॅम माल्ट 1030 ग्रॅम भरला, तर ओलावा सव्वासात टक्क्यांच्या पुढे गेलेला असतो. झिपच्या पिशव्या इथेच उघड्या पडल्या. झिपच्या खाचेत तूस किंवा पीठ अडकलं की ती बंद दिसते, पण बंद नसते. दोन-तीन आठवड्यांत संपणाऱ्या मालाला ती चालेल, त्यापुढे नाही.

20 लिटरच्या बादलीत अख्खा माल्ट 11 ते 12 किलो मावतो, म्हणजे पूर्ण गोणीला दोन बादल्या आणि वर थोडा उरतो. बादली काठोकाठ भरायची, वर हवा कमी राहते. झाकणाची रबरी रिंग दर वेळी कोरड्या फडक्याने पुसायची, कारण माल्टचं पीठ तिथेच बसतं. जिथे वर्ट उकळतं त्या खोलीत बादल्या ठेवू नयेत. वाफ कुठूनही शिरते. फर्मेंटरजवळ (यीस्ट घातलेलं वर्ट ठेवायच्या भांड्याजवळ) तर मुळीच नको. दाण्यावर आणि त्याच्या धुळीत लॅक्टोबॅसिलस हे आम्ल तयार करणारे जिवाणू असतात, आणि भरडताना उडालेली धूळ थंड वर्टमध्ये पडली की बिअर आंबट होते.

व्हॅक्यूम पिशवीची अडचण दाण्याचं टोक. हवा ओढली की अख्खे दाणे प्लॅस्टिकला बारीक भोकं पाडतात, आणि दोन दिवसांनी पिशवी सैल पडलेली दिसते. आधी माल्ट कागदी पिशवीत घालून मग व्हॅक्यूम केलं तर टिकतं. क्रिस्टल आणि रोस्टेडच्या (चॉकलेटसारख्या गडद भाजलेल्या माल्टच्या) छोट्या पुड्यांसाठी हीच पद्धत सगळ्यात चांगली. ऑक्सिजन शोषणाऱ्या लोहाच्या पुड्या आणि सिलिका जेल मात्र एकत्र टाकू नका. त्या पुड्यांना काम करायला थोडी आर्द्रता लागते आणि जेल तीच ओढून घेतं. दोघं एकमेकांच्या मुळावर उठतात.

भरडलेला माल्ट हा वेगळाच विषय. तूस फुटलं की पिठाला हवा लागते, त्यातली स्निग्ध द्रव्यं ऑक्सिडाइज होतात आणि शिळ्या पुठ्ठ्यासारखी चव बिअरमध्ये उतरते. भरडा हवाबंद ठेवला तरी दोन महिन्यांच्या आत वापरून टाकावा, उघडा असेल तर दोन आठवड्यांतच. अख्खा माल्ट थंड, कोरड्या जागी वर्षभर सहज चालतो. मिल नसेल तर बॅचपुरताच भरडून आणावा. घाऊक भरडून घेण्यात वाचतो तो फक्त वेळ.

सोंडे. यांची अंडी बहुतेक वेळा दाण्यातूनच येतात, त्यामुळे बादली कितीही घट्ट असली तरी उपयोग नाही. नवा माल आला की 2-3 किलोच्या पिशव्या करून उणे 18 अंशांना आठवडाभर फ्रीझ करायच्या. चार दिवस पुरतात असं म्हणतात, पण मोठी पिशवी मधोमध थंड व्हायलाच वेळ घेते. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडायची नाही, नाहीतर दाण्यावर दव धरतं आणि सगळी मेहनत पाण्यात. थोडे सोंडे दिसले तर चाळून, फ्रीझ करून माल्ट वापरता येतो. जाळी धरलेला, बुरशीचा किंवा कुबट वासाचा माल्ट मात्र सरळ फेका. बुरशीची विषं उकळून जात नाहीत.

नुसता सादळलेला, पण वासाला स्वच्छ असलेला माल्ट सुधारतो. ट्रेमध्ये 2 सेंटिमीटरचा थर पसरून ओव्हनचं दार किंचित उघडं ठेवायचं आणि 50 ते 55 अंशांवर दोन-तीन तास, मधूनमधून हलवत. 60 च्या वर नको. ओल्या दाण्यातली एन्झाइम्स (मॅशमध्ये स्टार्चची साखर करणारी द्रव्यं) उष्णतेला नाजूक असतात. 8 टक्के ओलाव्याचा 1000 ग्रॅम माल्ट 968 ग्रॅमवर आला की तो 5 टक्क्यांवर आला. खवट वास मात्र असल्या कशाने जात नाही.

आता संपवण्याचं. बेस माल्ट जुना असेल तर एफिशियन्सी (माल्टमधली किती साखर वर्टमध्ये उतरते ते प्रमाण) 75 ऐवजी 70 टक्के धरावी, म्हणजे साडेचार किलोच्या जागी 4.8 किलो. मॅश 66 अंशांना 60 ऐवजी 90 मिनिटं ठेवून आयोडीनचा थेंब टाकून पाहावा. निळा-काळा रंग आला तर स्टार्च शिल्लक आहे, अजून थांबायचं. फार जुना माल्ट ताज्याबरोबर चौथ्या हिश्शापर्यंतच मिसळलेला बरा.

वेगवेगळे उरलेले माल्ट एकत्र करताना खरी चूक एन्झाइम्सची होते. क्रिस्टल आणि रोस्टेडमध्ये ती नसतातच. 2.5 किलो पेल, म्हणजे फिका बेस माल्ट (100 लिंटनर; लिंटनर हे एन्झाइम्सच्या ताकदीचं माप), 1.5 किलो म्युनिक (50) आणि अर्धा किलो क्रिस्टल (0) यांची सरासरी 72 येते, काळजी नको. पण 3 किलो गडद म्युनिक (40) आणि 1 किलो क्रिस्टल घेतलं तर ती 30 वर येते. तिथे मॅशमध्ये स्टार्चची साखर अर्धवटच होणार, म्हणून किलोभर पेल घालायचाच. पुडीवर नाव आणि रंग लिहिलेला नसेल तर हा हिशेब करताच येत नाही. बिनलेबलचा दाणा चावून ओळखू हा आत्मविश्वास दोन प्रकारचे क्रिस्टल समोर आले की गळून पडतो.

रंग जुळवायला किलो गुणिले ईबीसी (माल्टच्या रंगाचा आकडा) पुरतं. रेसिपीत 300 ग्रॅम 120 ईबीसी क्रिस्टल आहे, म्हणजे 36. हातात 60 चं 200 ग्रॅम (12) आणि 150 चं 160 ग्रॅम (24) असेल तर बेरीज तीच. चव अगदी तीच येणार नाही, पण जवळपास येते. क्रिस्टलच्या जागी रोस्टेड घालून हे गणित करू नका. आकडा जुळतो, बिअर करपट होते. संपवायच्या नादात क्रिस्टल एकूण दाण्याच्या 10 टक्क्यांपुढे नेलं तर बिअर गोडसर आणि जड लागते.

बॅचला न पुरणारा पेल यीस्ट स्टार्टरला (बॅचआधी यीस्ट वाढवायच्या थोड्याशा वर्टला) उत्तम. तयार वर्टच्या दर लिटरला 180 ग्रॅम भरडा घ्यायचा, 67 अंशांना तासभर मॅश करून गाळायचा आणि निघालेलं वर्ट 15 मिनिटं उकळायचं. ग्रॅव्हिटी 1.037 च्या आसपास येते. वर्ट कपड्यातून एकदाच, न पिळता गाळावं. पिळलं की पीठ उतरतं आणि फ्लास्कच्या तळाशी यीस्ट किती आणि गाळ किती ते कळत नाही.