इंदूरच्या रामबागेतल्या वकीलबाई: सल्ला चोख, जिना जपून

पाचपैकी चार तारे.

माझ्या सासूबाई म्हणजे ह्यांच्या सावत्र आई. आम्ही सगळे त्यांना माईच म्हणायचो. मृत्युपत्र न करता गेल्या. मागे आमचे हे आणि माईंची पोटची मुलगी, माझी नणंद. घराच्या नामांतरणासाठी, म्हणजे नगर निगमात वारसांचं नाव चढवायला, आधी एक एजंट गाठला होता. त्याने ऐकून न घेताच सांगून टाकलं, सावत्र मुलाला दमडी मिळत नाही. मग शेजाऱ्यांनी ह्या वकीलबाईंकडे पाठवलं.

बाईंनी फाइल उघडलीच नाही. आधी विचारलं, "लोकमान्य नगरचं घर कुणाचं? सासरे गेले तेव्हा त्यांची आई होती का?" घर सासऱ्यांच्या स्वकमाईचं, आजी आधीच गेलेल्या, आणि मृत्युपत्र सासऱ्यांचंही नाही. बाईंनी आमच्याच पाकिटाच्या पाठीवर चौकोन काढून तीन भाग पाडले. सासरे गेले त्या दिवशीच माई, हे आणि नणंद सारखे वाटेकरी झाले, मग नगर निगमात नाव चढो वा न चढो. आता माईंचा भाग एकट्या नणंदेचा. म्हणजे ह्यांचा एक, तिचे दोन.

हे जरा हिरमुसले. तेव्हा बाईंनी 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम 15 काढून दाखवलं. बाईमाणसाच्या मालमत्तेवर पहिला हक्क तिची मुलं आणि नवरा ह्यांचा. त्या 'मुलां'त सावत्र मुलगा बसत नाही, असं सुप्रीम कोर्टाने 1987 मध्ये लछमन सिंग विरुद्ध किरपा सिंग खटल्यात सांगितलंय. तो येतो नवऱ्याचा वारस म्हणून, दुसऱ्या रांगेत. माईंना पोटचं मूल नसतं, तर माहेरच्या वारशाने आलेलं सोडून बाकी सगळं ह्यांनाच आलं असतं, माईंच्या भावांना नाही. एजंटाच्या दमडीपेक्षा हे फारच निराळं निघालं!

माई शाळेत शिकवायच्या. त्यांच्या एफडीला नॉमिनी हेच, त्यामुळे तेवढे पैसे तरी आपले असं आम्ही धरून चाललो होतो. तेही नाही. नॉमिनीने बँकेतून रक्कम घ्यायची ती वारसाच्या हाती द्यायला. 2010 मध्ये सुप्रीम कोर्टाने तेही स्पष्ट केलंय.

नणंद पुण्याहून फोनवर म्हणाली, "दादा, घर अर्धं-अर्धं करू." बाई लगेच मध्ये पडल्या: घराचं तोंडी चालणार नाही, हक्कत्यागाचा लेख रजिस्टर करा, आणि स्टॅम्पचा खर्च मी काढून देते तो आधी बघा. आपली फी वाढवण्यासाठी भांडण लावून देणारे वकील पाहिलेत, म्हणून हे मुद्दाम लिहितेय.

एक तारा कापला तो लेखी टिपणासाठी. वेगळे पैसे घेतात, आणि भाषा अशी कोर्टी हिंदी की जन्म इंदुरात जाऊनही मला दोनदा वाचावं लागलं.

जाता जाता मावसबहिणीसाठीही विचारून घेतलं. तिची पहिल्या लग्नाची मुलगी दुसऱ्या नवऱ्याच्या घरात वाढतेय. सावत्र वडिलांनी मृत्युपत्र केलं नाही तर मुलीला थेट काही नाही. आईच्या वाट्याला येईल त्यातून पुढे मिळेल तेवढंच. रीतसर दत्तक घेतलं तर ती त्यांचीच मुलगी, पण साधारणपणे वयाच्या पंधरा वर्षांच्या आत. मुलगी तेरा वर्षांची आहे, तेव्हा पुढच्या आठवड्यात बहीण आणि मेव्हणे दोघंही इथेच जाताहेत.

ऑफिस दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. आमच्यासारखं प्रकरण असेल तर सासू-सासरे दोघांच्याही मृत्यूचे दाखले न्या, नाहीतर परत यावं लागेल.