व्हिडिओ अडला की मी फायरफॉक्स का उघडते

कराडात आमची अभ्यासिका आहे. एमपीएससी, तलाठी, पोलीस भरती अशा परीक्षांची तयारी करणारी मुलं-मुली पहाटेपासून येऊन बसतात. बऱ्याच जणांकडे लॅपटॉप नाही, म्हणून मागच्या खोलीत जुने डेस्कटॉप लावलेत. त्यांच्यावर मुख्य काम एकच, क्लासच्या पोर्टलवर लॉगिन करून लेक्चर बघायचं. तक्रारही ठरलेली: "ताई, पान उघडतंय, पण व्हिडिओ येत नाही."

या तक्रारीवर नेट तपासून काही हाती लागत नाही, कारण पान एकाचं आणि व्हिडिओ दुसऱ्याचा असतो. क्लासच्या पानात एक चौकट असते आणि तिच्यातलं चित्र यूट्यूबवरून, विमिओवरून किंवा तिसऱ्याच सर्व्हरवरून येतं. मधे कुठेही अडलं तरी मुलांना दिसतो तो फक्त काळा चौकोन. मी आमच्या सगळ्या मशीनवर फायरफॉक्स ठेवलाय तो याच चौकोनासाठी. वेगात तो सगळ्यांच्या पुढे आहे असं मी म्हणणार नाही. पण व्हिडिओ कुठे अडलाय ते शोधायला त्याच्याइतका कामाचा ब्राउझर माझ्या पाहण्यात नाही.

सर्वांत उपयोगी सोय मेनूत दडलेली आहे. चौकटीवर राइट क्लिक केलं की 'धिस फ्रेम' येतं आणि त्यात चौकट नव्या टॅबमध्ये उघडायचा पर्याय असतो. व्हिडिओ प्लेअर आपलाच मेनू पुढे करत असेल, तर शिफ्ट दाबून राइट क्लिक करायचं, मग ब्राउझरचा मेनू मिळतो. चौकट वेगळी उघडली की बरंच काही कळतं. तिथे व्हिडिओ चालला तर दोष बहुधा पानाकडे किंवा कुकीजकडे, म्हणजे लॉगिन वगैरे लक्षात ठेवायला साइट ब्राउझरमध्ये ठेवते त्या छोट्या नोंदींकडे. तिथेही नाही चालला, तर निदान खरा एरर वाचायला मिळतो.

कोपऱ्यातल्या मशीनचं उदाहरण देते. पोर्टल व्यवस्थित उघडायचं, नोट्स डाउनलोड व्हायच्या, पण यूट्यूबची चौकट रिकामी. चौकट नव्या टॅबमध्ये उघडल्यावर फायरफॉक्सने सरळ सांगितलं की या कॉम्प्युटरच्या मते आज अमुक तारीख आहे आणि त्यामुळे सुरक्षित जोडणी होत नाही. तारीख दोन महिने मागे होती. मदरबोर्डवरचा सीआर 2032 सेल संपला होता आणि कुणीतरी हाताने तारीख लावताना महिना चुकला होता. मग पोर्टल तरी कसं उघडत होतं? पोर्टलचं सुरक्षा प्रमाणपत्र, म्हणजे साइट खरी असल्याची ठरावीक मुदतीची डिजिटल खूण, वर्षभराचं होतं, त्यामुळे दोन महिन्यांपूर्वीची तारीखही त्यात बसत होती. गूगलच्या सर्व्हरची प्रमाणपत्रं साधारण तीनच महिन्यांची असतात आणि सतत बदलतात. आमच्या मशीनच्या हिशोबाने ते प्रमाणपत्र अजून लागूच झालं नव्हतं! नवा सेल टाकला, तारीख लावली, लेक्चर सुरू. त्या मशीनचं विंडोज नव्याने टाकायला निघालेल्या माणसाला परत पाठवलं.

दुसरी नेहमीची अडचण लॉगिनची. मुलगा पोर्टलवर लॉगिन झालेला असतो, तरी चौकटीतला प्लेअर पुन्हा लॉगिन मागतो किंवा नुसता गोल फिरत राहतो. फायरफॉक्सने जून 2022 पासून प्रत्येक साइटच्या कुकीज वेगळ्या डब्यात ठेवायला सुरुवात केली. व्हिडिओवाल्या साइटची कुकी तिच्या स्वतःच्या पानावर एक आणि क्लासच्या पानात बसवल्यावर दुसरीच. जाहिरातवाल्यांनी माणसाचा माग काढू नये म्हणून हे केलंय आणि मला ते मनापासून पटतं, कारण इथे एकाच मशीनवर दिवसभरात कितीतरी जण बसतात. मात्र ज्या पोर्टलने व्हिडिओ दुसऱ्या डोमेनवर ठेवून लॉगिनची भिस्त त्या कुकीवर ठेवली आहे, ते इथे अडतं. उपाय सोपा आहे. पत्त्याच्या डावीकडे ढालीचं चिन्ह असतं, त्यावर क्लिक करून फक्त त्या साइटपुरतं संरक्षण बंद करायचं आणि पान पुन्हा लोड करायचं. पोर्टलवाल्यांचा हेल्पडेस्क प्रत्येक वेळी "सगळ्या कुकीज चालू करा" सांगतो, ते आमच्यासारख्या सामायिक मशीनवर अजिबात करू नका. एका साइटला सूट द्यावी, सगळ्या जगाला कशाला?

ऑटोप्लेचंही तसंच. मार्च 2019 च्या 66 व्या आवृत्तीपासून आवाज असलेला व्हिडिओ आपोआप सुरू होत नाही. काही प्लेअर आपोआप सुरू होण्याच्या भरवशावरच लिहिलेले असतात, ते थांबून राहतात. पत्त्याच्या पट्टीत तसं चिन्ह दिसतं, तिथून त्या साइटला परवानगी द्यायची.

आवाज येतोय पण चित्र काळं किंवा हिरवं, हा प्रकार जुन्या ग्राफिक्स कार्डांवर ठरलेला. व्हिडिओ उलगडायचं काम ब्राउझर ग्राफिक्सकडे देतो आणि जुन्या ड्रायव्हरला ते झेपत नाही. सेटिंग्जमध्ये परफॉर्मन्सखाली शिफारस केलेल्या सेटिंग्जची खूण काढली की हार्डवेअर अॅक्सिलरेशनची खूण दिसते. ती काढून फायरफॉक्स बंद करून उघडायचा. चित्र येतं, पण सगळा भार प्रोसेसरवर पडतो, त्यामुळे कमी ताकदीच्या मशीनवर व्हिडिओची क्वालिटी 480 वर आणावी लागते. फळ्यावरचं अक्षर तेवढ्यात वाचता येतं. नवा ड्रायव्हर मिळत असेल तर आधी तो टाकून बघा.

आणि हे सगळं करण्याआधी ट्रबलशूट मोड. शिफ्ट दाबून धरून फायरफॉक्स उघडला की तो विचारतो. या मोडमध्ये सगळी अॅड-ऑन (ब्राउझरला वरून जोडलेले छोटे प्रोग्राम) बंद असतात आणि हार्डवेअर अॅक्सिलरेशनही. इथे व्हिडिओ चालला तर दोष या दोघांपैकीच एकाचा असण्याची शक्यता जास्त. जाहिराती अडवणारी अॅड-ऑन पुष्कळदा प्लेअरची स्क्रिप्टही अडवतात. मुलांनी कुठून कुठून टाकलेली अॅड-ऑन मी याच मोडमुळे ओळखते. कॅशेची, म्हणजे ब्राउझरने साठवलेल्या पानाच्या जुन्या प्रतीची शंका असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि आर एकत्र दाबून पान नव्याने लोड करायचं. इतिहास, पासवर्ड सगळं पुसून टाकायची गरज नसते.

काही गोष्टी फायरफॉक्सच्या हातातच नाहीत. व्हिडिओच्या मालकाने दुसऱ्या साइटवर दाखवायला बंदी केली असेल, तर चौकटीत तसा मजकूर येतो आणि यूट्यूबवर जाऊनच बघावं लागतं. साइटने स्वतःला चौकटीत बसवू दिलं नसेल, तरी फायरफॉक्स कारण सांगतो आणि नव्या खिडकीत उघडायचं बटण देतो. हे बटण मला फार मोलाचं वाटतं, नवख्या मुलालाही पुढची वाट दिसते. फ्लॅशवरची जुनी लेक्चरं मात्र गेली ती गेली. अडोबीने 31 डिसेंबर 2020 ला फ्लॅशचा आधार काढला आणि पुढच्या महिन्यात फायरफॉक्सनेही. "फ्लॅश प्लेअर अपडेट करा" अशी पाटी आज कुठे दिसली तर ती फसवणूक समजा.

उणी बाजूही आहे. एचईव्हीसी (मोबाइल रेकॉर्डिंगमध्ये येणारी, व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत) प्रकारचे व्हिडिओ विंडोजवर फायरफॉक्सने फार उशिरा, जानेवारी 2025 च्या 134 व्या आवृत्तीत चालवायला घेतले, तेही हार्डवेअरची साथ असेल तरच. मोबाइलवर रेकॉर्ड करून तसंच चढवलेलं लेक्चर जुन्या मशीनवर म्हणूनच अडतं. उबंटूवर (विंडोजऐवजी वापरतात ती लिनक्स प्रणाली) कॉपी-संरक्षित व्हिडिओसाठी डीआरएमची, म्हणजे कॉपी रोखणाऱ्या यंत्रणेची परवानगी आधी स्वतः द्यावी लागते. शिवाय बरेच पोर्टलवाले फक्त क्रोमवर तपासून मोकळे होतात. म्हणून क्रोमही ठेवावा. दोन्हीकडे अडलं तर पोर्टलवाल्यांना फोन करताना आपली बाजू भक्कम असते.

विंडोज 7 ची मशीन अजून वापरात असतील, तर क्रोम 109 वरच थांबला. फायरफॉक्सची 115 ईएसआर (जास्त काळ अपडेट मिळणारी आवृत्ती) ही त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती, तिला सुरक्षेचे अपडेट नंतरही मुदत वाढवून दिले गेले. पण ती पुढच्या मशीनची सोय होईपर्यंतच वापरावी.

पिक्चर-इन-पिक्चरने मात्र मुलांना जिंकलंय. चौकटीतला व्हिडिओ सुटा होऊन कोपऱ्यात तरंगतो आणि बाकी पडद्यावर प्रश्नसंच उघडता येतो. मराठीतही फायरफॉक्स मिळतो, फुकट आहे, मोझिलाच्या साइटवरूनच घ्या. अभ्यासिका, वाचनालय, शाळेची कॉम्प्युटर खोली, जिथे एकाच मशीनवर अनेक हात फिरतात तिथे माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा गुण एचईव्हीसीचा कापला.