मोझेल ते एटना : संभाजीनगरातील एका वाईन टेस्टिंगविषयी

छत्रपती संभाजीनगरात जालना रोडवरील एका हॉटेलने हिवाळ्यात मोजक्या पाहुण्यांसाठी वाईन टेस्टिंगचा उपक्रम सुरू केला आहे, आणि त्यातील ताज्या बैठकीसाठी त्यांनी केवळ नजाकतदार वाईन निवडल्या होत्या. ही निवड धाडसाची आहे. आपल्याकडे वाईन म्हटली की गडद रंगाची, ओकच्या पिंपाचा दरवळ असलेली आणि घशाला ऊब देणारी रेड वाईनच उत्तम, असे मानणारे पुष्कळ आहेत. या बैठकीतील एकही वाईन त्या वळणाची नव्हती. रंग फिका, अल्कोहोल बेताचे, आंबटपणा ताजा, तुरटपणा बारीक पोताचा आणि घोट गिळल्यानंतर बराच वेळ टिकणारी चव, अशा गुणांच्या वाईन एकामागून एक समोर आल्या, तेव्हा आंबटपणा हाच वाईनचा कणा असतो हे वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

सुरुवात फ्रान्सच्या शाब्लीने झाली. बर्गंडीच्या उत्तर टोकाकडील, चुनखडीच्या आणि शिंपल्यांचे जीवाश्म असलेल्या जमिनीत वाढलेल्या शार्डने द्राक्षाची ही वाईन स्वच्छ, कोरडी आणि लिंबाच्या सालीची आठवण देणारी होती. जीभ जागी करण्याचे काम तिने चोख केले. त्याहून अधिक तिच्याकडून अपेक्षितही नव्हते.

खरी रंगत आली ती जर्मनीतील मोझेल खोऱ्याच्या, रीसलिंग या द्राक्षाच्या वाईनने. मोझेल नदीकाठचे द्राक्षमळे पाटीच्या दगडाच्या उभ्या उतारांवर आहेत. काही ठिकाणी चढ इतका तीव्र आहे की यंत्र चालत नाही आणि सारी कामे हातांनी करावी लागतात. दिवसा तापलेला दगड रात्री वेलींना ऊब देतो, आणि थंड प्रदेशामुळे द्राक्ष सावकाश पिकत असल्याने साखर भरत असतानाही आंबटपणा टिकून राहतो. समोर आलेली वाईन काबिनेट प्रकारची होती. या प्रकारात अल्कोहोल बहुधा ८ ते ९ टक्क्यांच्या आसपास असते आणि थोडी नैसर्गिक साखर मागे ठेवलेली असते. पहिल्या घोटाला गोडी जाणवते, परंतु लगेच आंबटपणा तिला असा आवर घालतो की तोंडात चिकटपणाचा लवलेश उरत नाही. वासात हिरवे सफरचंद, लिंबाचे फूल आणि अगदी पुसटसा रॉकेलचा गंध होता. हा शेवटचा गंध मुरत जाणाऱ्या रीसलिंगची ओळख असून तो दोष मानू नये, हे यजमानांनी आधीच सांगितले ते बरे झाले, कारण दोन पाहुण्यांनी ग्लास नाकापासून दूर केला होता. सोबत गरम धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी होती. तिखटाने पोळलेल्या जिभेवर जास्त अल्कोहोलची वाईन आणखी आग करते. ही मात्र कमी अल्कोहोल आणि थोड्या गोडीमुळे तिखटाला शांत करत होती. मराठवाड्याच्या जेवणाबरोबर कोणती वाईन घ्यावी, असे मला कुणी विचारले तर मी नि:शंकपणे हीच सांगेन.

त्यानंतरच्या बर्गंडीच्या व्होल्नेबाबत मात्र तक्रार नोंदवणे भाग आहे. व्होल्ने हे गाव पिनो न्वार या पातळ सालीच्या द्राक्षापासून बनणाऱ्या अत्यंत तरल रेड वाईनसाठी ओळखले जाते. इतकी नाजूक वाईन दालनाच्या तापमानाला, म्हणजे स्पष्टपणे कोमट स्थितीत, ग्लासात ओतली गेली. रेड वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी हा सल्ला युरोपातील थंड घरांमधून आलेला आहे, जिथे खोली १६ ते १८ अंशांची असे. आपल्याकडे हिवाळ्यातही माणसांनी भरलेले दालन त्याहून बरेच उष्ण असते. कोमट वाईनमधून अल्कोहोलचा वाफारा आधी नाकात शिरतो, फळाचा गंध मागे पडतो आणि आंबटपणा ढेपाळल्यासारखा वाटतो. मी विनंती केल्यावर बाटली बर्फाच्या बादलीत पंधरा मिनिटे ठेवण्यात आली, आणि त्याच वाईनमधून लाल चेरी, ओले पान आणि गुलाबाचा मंद गंध वेगवेगळे ओळखता येऊ लागले. जड वाईन असा उबदारपणा एक वेळ सहन करते, नाजूक वाईन करत नाही. त्यातच सोबत आलेल्या येसराच्या आमटीने तिचा उरलासुरला गंधही झाकला. ती जोडी पुन्हा करू नये.

इटलीच्या पीडमाँटमधील बारोलो हा त्या संध्याकाळचा सर्वांत गंभीर अनुभव होता. बारोलो ज्यापासून बनते ते नेबिओलो हे द्राक्ष उशिरा पिकते, त्याच्या वाईनचा रंग फिका विटकरी असतो, म्हणून ती हलकी असेल असे वाटते. प्रत्यक्षात तिच्यात टॅनिन, म्हणजे तुरटपणा आणणारे घटक, आणि आंबटपणा दोन्ही भरपूर असतात. यासाठीच बारोलो किमान ३८ महिने, त्यांपैकी १८ महिने लाकडी पिंपात, मुरवल्याशिवाय विकता येत नाही. आमच्या पुढ्यातील वाईन ला मोरा गावच्या मळ्यांतील होती, आणि सेरालुंगा गावच्या कणखर बारोलोच्या तुलनेत ला मोराची वाईन अधिक सुगंधी व लवकर पिण्याजोगी होणारी मानली जाते. सुकलेल्या गुलाबाचा आणि डांबराचा एकत्र गंध वाचायला विचित्र वाटेल, पण ग्लासात तो विलक्षण भारदस्त असतो. सोबत नान खलिया ठेवण्यामागची समज दाद देण्याजोगी होती. मटणातील प्रथिने आणि चरबी टॅनिनला बांधून घेतात, त्यामुळे तुरटपणा मऊ होतो. खलिया मुद्दाम कमी तिखट ठेवला होता, हेही योग्यच, कारण टॅनिन आणि मिरची एकमेकांना चेतवतात.

शेवटची सिसिलीतील एटना पर्वताच्या उतारावरची, नेरेलो मास्कालेझे या द्राक्षाची वाईन मला व्यक्तिशः सर्वांत जवळची वाटली. एटनाचा लाव्हा आणि आपला दख्खनचा काळा पाषाण दोन्ही बेसाल्ट कुळातले; वेरूळची लेणी ज्या खडकात कोरली आहेत, त्याच्याच जातीच्या दगडावर हे वेल उभे आहेत. मग मराठवाड्यातही अशी वाईन का होऊ नये, असा प्रश्न तिथे एका द्राक्ष बागायतदाराने विचारला. उत्तर दगडात सापडत नाही, हवेत सापडते. एटनाचे मळे सुमारे हजार मीटरपर्यंत चढलेले आहेत आणि तिथल्या रात्री थंड असतात. आपल्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळ छाटणी होते, द्राक्ष फेब्रुवारी-मार्चच्या चढत्या उन्हात तयार होते, साखर झपाट्याने वाढते आणि द्राक्षाला आंबटपणा देणारे मॅलिक आम्ल तितक्याच झपाट्याने घटते. जालना जिल्ह्यातील कडवंचीसारख्या गावांनी शेततळ्यांच्या बळावर खाण्याच्या द्राक्षाची जी शेती उभी केली आहे, तिच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. परंतु वाईनच्या द्राक्षाला जास्त उंची, कमी उत्पादन आणि लवकर तोडणी हवी. नाशिककडे चेनिन ब्लांक हे द्राक्ष लवकर तोडून ताज्या, फेसाळ वाईन होऊ लागल्या आहेत. तशी एक बाटली या बैठकीत परदेशी वाईनच्या शेजारी असायला हवी होती. ती नसणे ही मला कोमट व्होल्नेपेक्षा मोठी उणीव वाटली.

बाकी व्यवस्था नेटकी होती. ग्लास मोठ्या पोटाचे व काठाशी निमुळते होते, दालनात अगरबत्तीचा किंवा अत्तराचा वास नव्हता, घोट थुंकण्यासाठी भांडी ठेवलेली होती आणि त्यांचा वापर करताना कुणाला संकोच वाटू दिला गेला नाही. प्रवेश शुल्क सामान्य घराला जड वाटेल असे आहे, यात शंका नाही. मात्र परदेशी वाईनवरील आयात शुल्क दीर्घकाळ १५० टक्के राहिले असल्याने बारोलो किंवा व्होल्नेची एकेक बाटली विकत घेण्यापेक्षा येथे पाच प्रदेश एकत्र चाखणे निश्चित परवडते. जाणाऱ्यांनी दुपारचे जेवण हलके घ्यावे, तंबाखू व पान त्या दिवशी टाळावे, परतीसाठी दुसऱ्या कुणाला गाडी चालवायला सांगावे, आणि रेड वाईन ओतण्यापूर्वी बर्फाची बादली आवर्जून मागून घ्यावी.