आउटलुकच्या मॅक्रोने मेल फोल्डरमध्ये साठवणे: ८ महिन्यांचा अनुभव, आणि सगळा घोळ फाइलच्या नावाचा

मेल आपोआप सेव्ह करणं सोपं आहे, त्याच्या फाइलला नीट नाव देणं अवघड. क्लासिक (विंडोजवरच्या जुन्या) आउटलुकमध्ये ऑल्ट-एफ११ दाबून तीसेक ओळींचा कोड, म्हणजे मॅक्रो, टाकला, मॅक्रो चालवायची परवानगी दिली आणि आउटलुक बंद करून उघडलं, की येणारा प्रत्येक मेल संगणकावरच्या ठरलेल्या फोल्डरात फाइल म्हणून जायला लागतो. खर्च शून्य. याच कामासाठी दर माणशी वर्गणी मागणारी सॉफ्टवेअर आहेत, पण एवढ्यासाठी पैसे मोजायची गरज मला आजही वाटत नाही. मात्र त्या तीस ओळींच्या आता शंभर झाल्यात, आणि वाढल्या त्या बहुतेक नावापायी.

उत्तर म्हणून आलेल्या मेलच्या विषयात 'आरई:' असतंच, आणि कोलन विंडोजला फाइलच्या नावात चालत नाही. अशी एकूण ९ चिन्हं आहेत: कोलन, दोन्ही तिरप्या रेघा, तारा, प्रश्नचिन्ह, दुहेरी अवतरण, दोन कोनी कंस आणि उभी रेघ. त्यांच्या जागी डॅश टाकायचा. त्याहून वाईट म्हणजे त्याच नावाची फाइल आधीच असली तर सेव्ह करताना काही न विचारता ती पुसून नवी बसते. एका विषयावर दिवसात सात उत्तरं आली आणि नावात फक्त तारीख असली, तर हाती शेवटचं एकच राहतं. म्हणून नावाची सुरुवात सेकंदापर्यंतच्या वेळेने करा: २०२५०३१४-१६१२०७. तरीही नाव जुळलंच तर शेवटी -२ जोडा.

विषय मराठीत असेल तर आणखी तीन खड्डे आहेत. एमएसजी या आउटलुकच्या मेल-फाइलच्या साध्या प्रकारात (कोडमध्ये क्रमांक ३) देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात, म्हणून सगळ्या लिपी सांभाळणारा युनिकोड एमएसजी, क्रमांक ९, वापरा. कोड लिहायच्या खिडकीत देवनागरी टिकतच नाही, म्हणून मराठी फोल्डरांची यादी नोटपॅडमध्ये यूटीएफ-१६ या एन्कोडिंगमध्ये सेव्ह करून वेगळी ठेवा आणि फाइलसिस्टमऑब्जेक्टने (फाइली हाताळायची विंडोजची सोय) वाचा. फाइल आधीच आहे का हे तपासायलाही तेच वापरा, फाइल शोधायची जुनी आज्ञा 'डिर' मराठी नावांवर फसते.

तिसरा खड्डा लांबीचा. फाइलच्या पूर्ण पत्त्याला (फोल्डरांसकट नावाला) २६० अक्षरांची मर्यादा असते आणि वनड्राइव्हचं फोल्डर त्यातली बरीच आधीच खातं, त्यामुळे विषय ६० वर कापणं ओघानं आलं. पण 'प्रस्ताव' डोळ्यांना तीन अक्षरं दिसतो, संगणक मोजतो आठ. कात्री मध्येच बसली की 'प्रस्' असा लोंबता हलंत उरतो. ६० पासून मागे येत पहिली मोकळी जागा सापडेल तिथे कापा.

एका बाबतीत मत बदललं. मेल येताक्षणी चालणारी 'आयटमअ‍ॅड' ही घटना पुरेशी आहे असं सुरुवातीला वाटत होतं. ती पुरत नाही. १६ पेक्षा जास्त मेल एकदम उतरले की ती चालतच नाही, म्हणजे सुट्टीनंतरच्या सोमवारी नेमकी दगा देते. आता आउटलुक उघडल्यावर मागच्या १५ दिवसांचे मेल पुन्हा चाळून राहिलेले तेवढे सेव्ह होतात. ही भर घातल्यापासून भरवसा बसला.

पाठवणाऱ्यानुसार फोल्डर करणार असाल तर कंपनीतल्याच सहकाऱ्याचा ईमेल पत्ता तिरप्या रेघांच्या लांबलचक एक्सचेंज (कंपनीचा मेल सर्व्हर) पत्त्याच्या रूपात येतो. खरा पत्ता कोडमध्ये 'एक्सचेंजयूजर' या ऑब्जेक्टमधून काढावा लागतो. अटॅचमेंट वेगळ्या साठवत असाल तर सहीतले लोगोही 'इमेज००१' नावाने ढिगाने जमतात, १० केबीखालची चित्रं वगळा.

नव्या आउटलुकमध्ये मॅक्रो चालतच नाहीत. तिथे पॉवर ऑटोमेट या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन सेवेत 'एक्सपोर्ट ईमेल' आणि 'क्रिएट फाइल' या पायऱ्या जोडून मेलची ईएमएल प्रकारची फाइल वनड्राइव्हवर टाकता येते, संगणक बंद असला तरी. नावाची साफसफाई मात्र तिथेही स्वतःच लिहावी लागते.