सी शिकायला जीसीसी आणि जीनी, काही महिने वापरल्यावर

आधीच सांगते, मी कॉम्प्युटरवाली नाही. डिचोलीला एका काजूच्या कारखान्यात हिशेब बघते, दिवसभर एक्सेल आणि टॅली, आणि भाची डिप्लोमाला गेली तेव्हा तिच्या सी प्रोग्रॅमिंगमुळे हा प्रकार घरात आला, मग ती शिकता शिकता मीपण शिकले, आणि आता खरं सांगायचं तर तिच्यापेक्षा मीच जास्त बसते. पावसाळ्याच्या तोंडावर सुरू केलं, आता काजूचा सीझन यायला लागला. एवढ्या वापरानंतर व्हेरिएबल (आकडा ठेवायचा डबा), इफ-एल्स (अट घालणं) आणि लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करून घेणं) एवढ्या तीन गोष्टींपुरता हा अनुभव लिहिते, पॉइंटरबिंटरपर्यंत मी पोचलेले नाही त्यामुळे ते विचारू नका.

सेटअप असा. घरातला जुना लॅपटॉप, ४ जीबी रॅम, विंडोज त्यावर रडत होतं म्हणून लिनक्स मिंट टाकलं. त्यावर बिल्ड-इसेन्शियल नावाचं पॅकेज (त्यात जीसीसी कंपायलर येतो, म्हणजे आपण लिहिलेला सीचा कोड मशीनला चालवता येईल असा करून देणारा) आणि जीनी हा एडिटर, म्हणजे कोड लिहायची जागा. सगळं फुकट. जीनीत एफ८ दाबलं की कंपाइल, एफ९ ला बिल्ड, एफ५ ला रन, बास एवढंच लक्षात ठेवायचं. एकदा टाकलं की नेट लागत नाही, ही गोष्ट शहरातल्यांना कळणार नाही पण आमच्याकडे जुलैत वाऱ्यापावसात लाइट गेली की राउटर आधी मरतो, लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो. मोबाइलवरचे कंपायलर अ‍ॅप पण बघितले, चालतात, पण अर्ध्या स्क्रीनवर कीबोर्ड आणि मधेमधे जाहिरात, असं कोण शिकणार.

आता मुद्द्याचं. भाचीच्या लॅबमध्ये अजून ती जुनी निळी स्क्रीन आहे, टर्बो सी नावाचा जुना कंपायलर. त्याला नावं ठेवायची नाहीत, अर्ध्या देशाने त्यावर सी शिकलंय. पण गंमत बघा, टर्बो सीची पहिली आवृत्ती १९८७ ची, जीसीसीपण १९८७ चाच, आणि गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला तोही १९८७ मध्येच, ३० मेला. एकाच वर्षाचे तिघे. फरक एवढाच की जीसीसी अजून दरवर्षी नवा येतो आणि टर्बो नव्वदीच्या सुरुवातीला होता तिथेच आहे.

त्याचा परिणाम पहिल्या धड्यापासून दिसतो. टर्बोमध्ये इंट (पूर्णांक ठेवायचा व्हेरिएबलचा टाइप) दोन बाइटचा, म्हणजे जास्तीत जास्त ३२,७६७. वीस हजार आणि पंधरा हजार मिळवा, उत्तर येतं उणे ३०,५३६. जीसीसीमध्ये आताच्या मशीनवर इंट चार बाइटचा, २१४ कोटींच्या वर जातो. मग पोरांना वाटतं प्रॉब्लेम सुटला. सुटत नाही, पुढे ढकलला जातो. फॅक्टोरियलचा (१ पासून त्या आकड्यापर्यंतच्या सगळ्यांचा गुणाकार) प्रोग्रॅम सगळ्यांना असतोच, तो चालवून बघा. टर्बोमध्ये ७ पर्यंत बरोबर येतो, ८ चं उत्तर ४०,३२० म्हणजे मर्यादेबाहेर. जीसीसीमध्ये १२ पर्यंत बरोबर आणि १३ ला १९३,२०,५३,५०४ असा आकडा येतो. खरं उत्तर ६२२,७०,२०,८०० आहे. उणे चिन्ह नाही, विचित्र दिसत नाही, मोठा आकडा आहे, कुणाला शंकापण येणार नाही! उणे आलेलं परवडलं, निदान डोळ्यात तरी खुपतं.

म्हणून माझं मत असं झालंय की या तिघांत अवघड आहेत ती व्हेरिएबल. सगळे म्हणतात लूप कठीण, लूप कठीण, पण लूप चुकला तर दिसतो, स्क्रीन धावत सुटते. व्हेरिएबलचा टाइप चुकला तर प्रोग्रॅम शांतपणे चुकीचं उत्तर देतो आणि बाकी सगळं व्यवस्थित दिसतं.

आमच्या धंद्यातलं उदाहरण देते. काजूगराचे ग्रेड असतात ना, डब्ल्यू १८०, २१०, २४०, ३२०, तो आकडा म्हणजे एका पाउंडात किती गर बसतात ते. कमी बसले तर गर मोठा, म्हणून १८० सगळ्यात महाग. आता सॅम्पल घ्या २५० ग्रॅम, त्यात मोजले १२५ गर. पाउंड म्हणजे साधारण ४५४ ग्रॅम. शाळेत शिकवलंय तसं एका ग्रॅमला किती ते आधी काढायचं, १२५ भागिले २५०, मग गुणिले ४५४. कागदावर २२७ येतं, म्हणजे डब्ल्यू २४० मध्ये बसतो. सीमध्ये तिन्ही इंट घेतले तर १२५ भागिले २५० म्हणजे शून्य, कारण इंटला इंटने भागलं की पॉइंटनंतरचं सगळं फेकून देतात, आणि शून्याला ४५४ ने गुणलं तरी शून्यच. मग इफ विचारतो १८० पेक्षा कमी आहे का, आहे, झालं, माल डब्ल्यू १८०! अख्खा कारखाना किंग साइज! आधी गुणाकार मग भागाकार असं लिहिलं की २२७ बरोबर येतं. तेच आकडे, तीच चिन्हं, फक्त क्रम बदलला. आणि इथे कंपायलर एक शब्द बोलत नाही, वॉर्निंगपण नाही, कारण सीच्या नियमाप्रमाणे दोन्ही बरोबरच आहे.

फ्लोटचं, म्हणजे दशांश आकड्यांच्या टाइपचं, पण तसंच. पैशासाठी फ्लोट वापरा असं प्रत्येक नोट्समध्ये लिहिलेलं असतं. फ्लोटला साधारण सात आकड्यांपुरतीच अचूकता आहे. १,६७,७७,२१७ हा आकडा फ्लोटमध्ये ठेवा आणि परत छापा, १,६७,७७,२१६ येतो. एक रुपया गेला. हिशेबवाल्या माणसाला हे सांगा, तो रात्री झोपणार नाही. डबल (फ्लोटचाच जास्त अचूक भाऊ) वापरला तर बरंच सावरतं, पण मी आता सरळ पैसेच मोजते, रुपये नाही, सगळं पूर्णांकात (लाँग लाँग मध्ये) आणि छापताना शंभराने भागून दाखवते.

आता जीनी का आवडला ते. त्याच्या कंपाइल कमांडमध्ये मायनस डब्ल्यू ऑल हा ऑप्शन आधीपासूनच घातलेला असतो, म्हणजे वॉर्निंग चालू. नुसतं टर्मिनलवर जीसीसी चालवलं तर तो आपणहून घालावा लागतो. (नाव ऑल असलं तरी सगळ्या येत नाहीत, उरलेल्यांसाठी डब्ल्यू एक्स्ट्रा वेगळा.) माझ्या मते नवीन माणसासाठी या सेटअपची अर्धी किंमत या एकाच गोष्टीत आहे. इफच्या कंसात दोन बरोबर चिन्हांऐवजी एकच टाकलं, म्हणजे तुलना करायची तिथे व्हॅल्यूच भरली, तर प्रोग्रॅम चालतो आणि भरलेली व्हॅल्यू शून्य नसेल तर अट कायम खरी, पण डब्ल्यू ऑल असेल तर लगेच वॉर्निंग. स्कॅनएफमध्ये (कीबोर्डवरून इनपुट वाचणारं फंक्शन) & विसरलं, सांगतो. डबल वाचायला पर्सेंट एलएफच्या जागी पर्सेंट एफ दिलं, सांगतो. आणि सगळ्यात मला आवडलेलं, गणितात आपण १८० <= न <= २१० असं लिहितो ना, सीमध्ये तसं लिहिलं तरी कंपाइल होतं, फक्त अर्थ वेगळा होतो, आधी १८० <= न चं उत्तर शून्य किंवा एक येतं आणि मग ते २१० शी तुलना होते, म्हणजे कायम खरं. जीसीसी त्यावर म्हणतो की अशा तुलनेला गणितातला अर्थ नसतो बाई. मध्ये && घालून दोन तुकडे करायचे.

इफ-एल्सबद्दल बाकी फार काही नाही. शिडीचा क्रम महत्त्वाचा, आधी १८०, मग २१०, मग २४०, असं चढत जायचं. वरच ३२० पेक्षा कमी का असं विचारलं तर किंगपण तिथेच अडकून पडतो. लीप वर्षाचा प्रोग्रॅम मात्र नक्की करा, चारने भाग जातो एवढ्यावर थांबू नका, १९०० लीप नव्हतं, २००० होतं, हे दोन टाकून बघितले की अट पूर्ण लिहिलीय का ते कळतं.

लूप. इथे माझी एक तक्रार अभ्यासक्रमावर आहे, त्या चांदण्यांच्या पिरॅमिडवर. उलटा पिरॅमिड, सुलटा, डायमंड, पोरं पाठ करतात आणि पेपरात ओकतात. त्यापेक्षा पाढे छापा. साधे झाले की पावकी, निमकी, पाऊणकी. आमच्या आजोबांना पावकी तोंडपाठ होती, आम्हाला नाही, पण लूपसाठी त्यासारखा व्यायाम नाही. १ ते १० चा फॉर लूप आणि आत आय (लूपचा काउंटर) भागिले ४ छापा, येतं ० ० ० १ १ १ १ २ २ २, म्हणजे पुन्हा तोच इंटचा भागाकार. ४ च्या जागी ४.० लिहा आणि पर्सेंट पॉइंट टू एफ ने छापा, ०.२५, ०.५०, ०.७५ अशी पावकी ओळीने उतरते. भाचीला टाइप म्हणजे काय ते इथे कळलं, लेक्चरमध्ये नाही.

पावकीवरून कुणी हुशारी करून लूपचा काउंटरच फ्लोट घेईल, ०.१ ने वाढव आणि १.० होईपर्यंत चालव म्हणून, तर तो लूप थांबतच नाही. ०.१ बायनरीत नेमका बसत नाही, दहा वेळा मिळवलं की फ्लोटमध्ये एकापेक्षा किंचित जास्त होतं, डबलमध्ये किंचित कमी, बरोबर एक कधीच नाही. कंट्रोल सी दाबून बंद करायचं. काउंटर नेहमी इंट.

बेरजेचं व्हेरिएबल सुरुवातीला शून्य करणं, हे पण. नाही केलं तर आत आधी जे काही पडलेलं असेल त्याच्यावर बेरीज चढते, कधी बरोबर उत्तर येतं कधी भलतंच, आणि लूपच्या आतलं असलं तर जीसीसी दरवेळी पकडतोच असं नाही, ऑप्टिमायझेशन चालू केल्यावर जास्त पकडतो. आणि फॉरच्या कंसानंतरचा अर्धविराम, तो तर भुतासारखा, लूप रिकामा फिरतो आणि खालचा ब्लॉक एकदाच चालतो. अशा वेळी वही घ्यायची, आय, बेरीज असे रकाने पाडायचे आणि हाताने दोन-तीन फेऱ्या चालवायच्या. डीबगर आहे, पण नवीन माणसाला त्याची काही गरज नाही.

आता न आवडलेलं. एरर मेसेज इंग्रजी आणि भरमसाट, एक महिरपी कंस राहिला की दहा एरर. फक्त सगळ्यात वरची वाचायची, ती दुरुस्त करून पुन्हा कंपाइल, खालच्या बऱ्याच आपोआप जातात. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला किंवा पीडीएफमधला कोड कॉपी केला तर अवतरण चिन्हं वाकडी येतात आणि जीसीसी स्ट्रे, बॅकस्लॅश ३४२ असं काहीतरी बडबडतो, तेव्हा घाबरू नका, ती चिन्हं पुसून हाताने टाइप करा.

मराठी चालते का, हे मला दोघांनी विचारलं. छापायला चालते, प्रिंटएफमध्ये नमस्कार लिहिलं तर टर्मिनलवर नमस्कार येतं. जीसीसी १० पासून व्हेरिएबलचं नाव वजन असं देवनागरीत ठेवलं तरी घेतो, परीक्षेत मात्र करू नका. पण रकाने जुळवायला पर्सेंट दहा एस दिलं की सगळं वाकडं, कारण तो अक्षरं मोजत नाही, बाइट मोजतो, आणि आपल्या एकेका अक्षरचिन्हाला तीन बाइट लागतात. आणि मी इथे लिहितेय तसे मराठी आकडे इनपुटला दिले तर स्कॅनएफ ते आकडे मानतच नाही. आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल आहेत, सीचे मराठीतून पण आहेत, छोटे छोटे व्हिडिओ, लिनक्स आणि जीसीसीवरच, इंग्रजी अडत असेल तर तिथून सुरू करा.

सगळ्यात जास्त वैताग स्कॅनएफने दिला. मेनूचा प्रोग्रॅम असतो ना, १ दाबा बेरीज, २ दाबा वजाबाकी, ० दाबा बाहेर, डू-व्हाइलमध्ये. तिथे आकड्याऐवजी कुणी अक्षर दाबलं की मेनू स्क्रीनवर वेड्यासारखा धावतो, थांबत नाही. कारण अक्षर इंटमध्ये जात नाही, तिथेच इनपुटमध्ये पडून राहतं आणि पुढच्या फेरीला परत तेच समोर येतं. उपाय म्हणजे स्कॅनएफ किती गोष्टी वाचल्या ते परत सांगतो, तो आकडा १ आहे का बघायचं, नसेल तर गेटकॅरने ओळ संपेपर्यंतचं सगळं वाचून फेकायचं. हे शिकवत मात्र कुणी नाही, सरांच्या मेनूत कधी कुणी अक्षर दाबतच नाही बहुतेक.

लॅब टर्बोवर आणि घर जीसीसीवर असं चालतं का? चालतं, थोडी कटकट आहे. भाची घरी इंट मेन लिहिते, टर्बोची कोनिओ फाइल नाही, स्क्रीन पुसणारं सीएलआरएससीआर नाही, शेवटी स्क्रीन थांबवून ठेवणारं गेटसीएच नाही (जीनी स्वतःच टर्मिनल उघडं ठेवतो). लॅबला जाताना ते तीन परत घालते आणि फॉरच्या कंसात जाहीर केलेला आय वर ब्लॉकच्या सुरुवातीला नेते, कारण जुन्या सीमध्ये तो तिथेच लागतो. फॅक्टोरियलला इंटच्या जागी लाँग, म्हणजे टर्बोतही १२ पर्यंत जातं, आणि तिथे पर्सेंट डीचं पर्सेंट एलडी करायला विसरायचं नाही, टर्बो सांगणार नाही.