ठशाचे नाव असलेले पदक की बिननावाचा स्टार?

ऑनलाइन विक्रीस येणाऱ्या ब्रिटिश पदकांपैकी पहिल्या महायुद्धाचे चांदीचे ‘ब्रिटिश वॉर मेडल’ पारखणे मला दुसऱ्या महायुद्धातील ‘१९३९-४५ स्टार’ या ताऱ्याच्या आकाराच्या पदकापेक्षा सोपे वाटते. त्याच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठशांनी उमटवलेली असते व ती ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमधील (राष्ट्रीय अभिलेखागारातील) पदकपत्रिकांशी, म्हणजे कोणाला कोणते पदक मिळाले याच्या नोंदींच्या कार्डांशी, ताडून पाहता येते. अर्थात, नोंद जुळली म्हणजे पदक अस्सल ठरले असे नव्हे, कारण नाव पत्रिकेवरूनही उचलता येते. म्हणून विक्रेत्याकडे कॅलिपर (व्यास अचूक मोजायचे साधन) लावलेला फोटो मागावा. मूळ व्यास ३६ मिमी असतो. जुने नाव घासून नवे घातले असेल, तर घासलेल्या जागी हे माप किंचित कमी भरते.

ब्रिटनने आपल्या सैनिकांना स्टार बिननावाचेच दिले (भारतीय सैनिकांच्या स्टारवर नाव असे), त्यामुळे तिथे सारी भिस्त घडणीवर. अस्सल, म्हणजे ठशाने ठोकून काढलेल्या स्टारची अक्षरे धारदार असतात, तर ओतीव नकलेत ती बोथट होतात आणि पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसतात. रिबनीवरून काहीच ठरवू नये. ती केव्हाही बदलता येते. नव्याने ठोकलेली चांगली नक्कल मात्र निव्वळ फोटोवरून ओळखणे फारच अवघड.