४६ नगांची गोटी-पेटी, टॉर्क पाना, तेलाचा हातपंप आणि ओबीडी अडॅप्टर: नऊ महिने वापरल्यावर

वापर ऑगस्ट ते एप्रिल. दोन गाड्या, दोन्ही १.२ लिटर, चार सिलिंडर, पेट्रोल. जागा जळगावातलं घराचं अंगण आणि शेतावरचं पत्र्याचं शेड. नुसतं ऑइल बदलायला कुठलीही पेटी चालते. बोल्टचं डोकं गोल झालं आणि गाडी अर्धी उघडी पडली, की पेटीत काय नाही ते कळतं. म्हणून इथे बिघडलेल्या कामांबद्दलच जास्त लिहिलंय.

४६ नगांची पेटी पाव इंची असते (म्हणजे रॅचेटचं चौकोनी टोक पाव इंचाचं) आणि गोट्या, म्हणजे सॉकेट, ४ ते १४ मिमीपर्यंतच. ऑइल चेंबरचा ड्रेन बोल्ट (जुनं ऑइल सोडायचा) बऱ्याच गाड्यांत १७ किंवा १९ चा, स्पार्क प्लग १६ चा. म्हणजे सर्व्हिसिंगची दोन मुख्य कामं या पेटीने होतच नाहीत. एअर फिल्टरचा डबा, प्लगवरच्या कॉइलचे १० चे बोल्ट, क्लॅम्प, एवढ्याला ती उत्तम. रॅचेटचे दात बारीक आहेत, त्यावर पाइप चढवून जोर लावू नका. सोबत १७ आणि १९ ची सहा-कोनी अर्धा इंची गोटी आणि आत रबर किंवा चुंबक असलेली १६ ची लांब प्लग-गोटी घ्या. बारा-कोनी गोटी स्वस्त मिळते आणि बोल्ट गोल तीच करते.

टॉर्क पाना, म्हणजे ठरवलेला जोर लागला की क्लिक करून सांगणारा पाना, घेताना बहुतेकांची चूक होते. सर्रास मिळणारा अर्धा इंची पाना २८ ते २१० न्यूटन मीटरचा असतो. असे क्लिक पाने कमाल आकड्याच्या साधारण २० टक्क्यांच्या वरच भरवशाचे, म्हणजे हा ४२ च्या पुढे. छोट्या गाडीचा ड्रेन बोल्ट ३५ च्या आसपास, प्लग त्याहून कमी. हा पाना चाकाच्या नटांना ठीक आहे, इंजिनाला नाही. इंजिनासाठी ३/८ इंची, १० ते ६० चा घ्या. कमी आकड्यावर क्लिक इतकं हलकं असतं की शेजारी बोअरची मोटर चालू असली तर ऐकू येत नाही. हाताला लागणाऱ्या झटक्याकडे लक्ष ठेवा. पाना घरी तपासायचा तर चौकोनी टोक व्हाइसमध्ये धरा, पाना आडवा ठेवा आणि टोकापासून ३६ सेंमीवर, मुठीच्या मध्याशी, दुकानातलं १० किलोचं वजन टांगा. ते ३५ न्यूटन मीटर होतं, त्यात दांड्याच्या स्वतःच्या वजनाची थोडी भर; पाना ३५ वर लावला असेल तर साधारण तिथेच क्लिक व्हायला हवं. काम झालं की पाना सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवायचा, नाहीतर स्प्रिंग बसते.

ड्रेन बोल्टपाशी सगळ्यात जास्त घोळ होतात. पहिला घोळ दिशेचा. गाडीखाली आडवं पडून, बोल्टच्या मागच्या बाजूने हात घातला की डावं-उजवं उलटतं आणि माणूस सोडायच्या ऐवजी आवळत बसतो. बोल्टच्या डोक्याकडे तोंड आहे अशी कल्पना करून मग डावीकडे फिरवा. हलतच नसेल तर गंज सोडवणारं तेल मारून वीसेक मिनिटं थांबा, डोक्यावर हातोडीचे दोन-चार बेताचे ठोके द्या, मग एक कडक झटका. हळूहळू वाढवत नेलेल्या जोराने कोपरे घासतात. गोल झालाच तर आतून उलटे आटे असलेली एक्स्ट्रॅक्टर गोटी ठोकून बसवा. या नऊ महिन्यांत सगळ्यात वसूल झालेली वस्तू हीच, आणि ती कुठल्याच तयार पेटीत नव्हती.

आटे गेले असतील तर बोल्ट शेवटी आवळताना घट्ट न होता नुसता फिरत राहतो. तिथेच थांबायचं. ॲल्युमिनियमच्या चेंबरला टेफ्लॉन टेप गुंडाळून किंवा एम-सील लावून काम भागत नाही, इंजिन तापलं की गळती परत सुरू. एम १४ × १.५ चं (१४ मिमी बोल्ट, १.५ मिमी आटे) हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांची तारेची गुंडाळी, बसवून घ्या. आटे पाडायच्या टॅपच्या खाचांत ग्रीस भरा म्हणजे कीस त्यातच अडकतो. नंतर बोल्ट न लावता अर्धा लिटर स्वस्त ऑइल वरून ओतून जाऊ द्या, उरलासुरला कीस त्याबरोबर निघतो. चेंबर काढून लेथवाल्याकडे नेलं तर काम जास्त सरळ होतं. वॉशर दर वेळी नवा. वीस-तीस रुपयांच्या वस्तूत काटकसर नको.

खानदेशात एक वेगळी भानगड आहे ती जॅकची. काळ्या मातीवर, विशेषतः पावसाळ्यात, जॅक सरळ रुततो आणि तिरका होतो. शहाबादी फरशीचा तुकडा खाली घातला तर तो तडकतो. दोन इंच जाडीची फळी घाला, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी गुटके लावा, आणि घोडे (जॅक स्टँड) लावल्याशिवाय गाडीखाली डोकं घालू नका, भो. एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ ला असतो, ऑइल लवकर निवत नाही. इंजिन बंद करून अर्धा-पाऊण तास जाऊ द्या.

ऑइल फिल्टर काढताना जुनी रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहते. नवा फिल्टर तिच्यावर चढवला की दोन रिंगा होतात आणि गाडी सुरू करताच सगळं ऑइल जमिनीवर. जुन्या फिल्टरला रिंग आहे का ते बघूनच तो फेकायचा. नव्या रिंगेला ऑइलचं बोट फिरवा, रिंग टेकल्यावर हाताने पाऊण फेरा, बस्स. अडकलेल्या फिल्टरला पट्ट्याचा पाना घसरत असेल तर मध्ये पॉलिश पेपर धरा. पेचकस आरपार ठोकण्याचा उपाय अगदी शेवटचा, कारण पत्रा फाटतो आणि धरायला काही उरत नाही. सुरू केल्यावर ऑइलचा दिवा काही सेकंदांत विझला नाही तर लगेच बंद करा.

ऑइल जास्त पडलं तर हातपंपाची नळी डिपस्टिकच्या भोकातून घालून हवं तेवढं ओढता येतं. पंप खरा कामाचा इथेच. आख्खं ऑइल त्याने काढलं तर तळाचा गाळ राहतो.

प्लग थंड इंजिनावरच. आधी खळग्यातली धूळ हवेने उडवा, सायकलचा पंपसुद्धा चालतो. कॉइल सरळ उपटू नका, आधी थोडी फिरवा, उन्हाने रबर चिकटलेलं असतं. नवा प्लग पेट्रोलच्या वीतभर रबरी नळीत खोचून हाताने फिरवा. आटे तिरपे बसायला लागले की नळीच घसरते, लोखंडी दांडा मात्र तसाच रेटत नेतो. वॉशरवाला नवा प्लग हाताने टेकल्यावर अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा. जुनाच परत बसवत असाल तर जरासाच, कारण त्याचा वॉशर आधीच दबलेला असतो. चिनी मातीचा तुकडा आत पडला तर चुंबक उपयोगाचं नाही आणि स्टार्टर तर मारायचाच नाही. व्हॅक्यूम क्लीनरला बारीक नळी जोडून ओढून घ्या.

कूलंट बदलल्यावर तापमानाचा काटा वर चढतोय आणि हीटरमधून गार हवा येतेय, म्हणजे आत हवा अडकली आहे. गाडीचं तोंड चढावर ठेवा, इंजिन निवल्यावर झाकण उघडा, हीटर पूर्ण गरमवर ठेवून सुरू करा आणि बुडबुडे थांबेपर्यंत हळूहळू भरत राहा. बोअरचं पाणी नको, क्षार बसतात. औट्रम घाटात (चाळीसगाव-कन्नड रस्त्यावर) नाइलाजाने ओतावंच लागलं तर घरी आल्यावर सगळं काढून डिस्टिल्ड पाण्याने धुवा आणि नवं कूलंट भरा.

कापसाच्या हंगामात जिनिंगच्या रस्त्यांवरचं तंतू-भुसकट रेडिएटरसमोर गादीसारखं बसतं. इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, साध्या नळाच्या धारेने धुवा. वॉशिंग सेंटरच्या प्रेशरने पात्या दुमडतात.

ओबीडी अडॅप्टर, म्हणजे गाडीतले बिघाडाचे कोड वाचून दाखवणारी वस्तू, त्याबद्दल थोडक्यात. सर्व्हिसिंगनंतर इंजिनाचा दिवा लागला की नव्वद टक्के दोष आपल्याच हाताचा असतो. पी ०१७१ हा कोड आला तर एअर फिल्टरनंतरचा पाइप किंवा व्हॅक्यूमची नळी सैल राहिली का बघा. पी ०११३ आला तर हवेच्या सेन्सरचा कनेक्टर लावायचा राहिलाय. पी ०३०१ ते ०३०४ मध्ये शेवटचा आकडा सिलिंडरचा, त्याची कॉइल नीट दाबा. कोड पुसायच्या आधी लिहून ठेवा. गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर अडॅप्टर काढून ठेवा, तो बॅटरी खातो.